मागचं दार उघडं असतं

नाही नाही, तुम्ही तिघं हल शहरातून दोन बस बदलून आलात, स्वतः छापून घेतलेला संग्रह घेऊन आलात, सगळं कबूल... पण तुम्हाला सांगतो, एका पुस्तकात बावीस भयकथा म्हणजे काय, माणसानं घाबरायचं तरी किती वेळा? बसा ना, बसा. त्या खुर्चीत नको हो, ती सोडून कुठंही. हिरव्या टोपीवाल्या बाई, तुम्ही ते स्टूल घ्या, आणि ते खोकं सरकवा पायानंच, त्यात भुतंच आहेत, नाताळच्या आधी आलेली, अजून उघडलेली नाहीत. पाय मात्र जपून टाका, फ्रिजखालून कासव येतं. चहा ठेवलाय मी. कोट काढायचे तर काढा, नाही काढलेत तरी हरकत नाही, इथं कुणीच काढत नाही.

हां, तर बावीस. कादंबरीचं कसं बरं असतं, एक लेखक, एक भूत, एक तळघर, वाचलं, लिहिलं, मोकळे. कथासंग्रह म्हणजे पंगत वाढायची. प्रत्येकाच्या पानात काहीतरी पडलंच पाहिजे, नाहीतर जो उपाशी उठला तो जन्मभर लक्षात ठेवतो. आमच्यातला नियमच आहे तो, संग्रहाचं परीक्षण लिहायचं तर एकूण एक कथेला निदान एक ओळ द्यायची, मग ती कथा किती का टुकार असेना. आता त्या ओळी तरी किती तऱ्हेच्या असणार? 'वातावरण उत्तम' म्हणजे काही घडत नाही. 'शेवट धक्कादायक' म्हणजे शेवट कळला नाही. 'होतकरू' म्हणजे... जाऊ दे, तुमच्यापैकी कुणाला तरी तो शब्द लागणारच आहे. एकदा, सत्त्याण्णव साली, माझ्याकडून एक कथा राहून गेली. चौदावी. लेखक डॉन्कास्टरचे, वॉर्बर्टन म्हणून, दातांचे डॉक्टर. तेव्हापासून दर नाताळला त्यांचं कार्ड येतं, वर पक्षी, बर्फ, सगळं, आणि आत मजकूर एकच, 'कथा क्रमांक चौदा. वाट पाहतोय.' शुभेच्छा नाहीत, सही नाही. माझी तर खात्री आहे, हा माणूस मेल्यावरसुद्धा कार्ड पाठवील. हसू नका. अशी माणसं फार थोडी असतात. बाकीचे मेले की एकदम गप्पच होतात.

काय सांगत होतो... हां, घाबरणं. आता तुम्हाला वाटत असेल, हा डेनिस ब्लेंकिन, एकतीस वर्षं 'काजळी'सारख्या मासिकात भयकथांना मेणबत्त्या देतोय, एकपासून पाचपर्यंत, जेवढी भीती तेवढ्या मेणबत्त्या, म्हणजे हा गडी केवढा भित्रा असेल. तुम्हाला सांगतो, आणि बाहेर बोलू नका, मी आयुष्यात एकाही कथेला घाबरलेलो नाही. एकाही. घाबरणार कसा? मी गॅसचं मीटर बघणारा माणूस. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या जिन्याखाली वाकून, दुसऱ्यांच्या तळघरात उतरून, टॉर्च तोंडात धरून आकडे लिहून घेतले. लोकांच्या जिन्याखाली काय काय असतं ते मी बघितलंय, एका घरात तर सासरे होते. जिवंत होते हो, पेपर वाचत बसायचे, म्हणे वर फार आवाज होतो. एकदा अंधार पोटापाण्याचा झाला की मग त्याची कसली आलीये भीती.

घाबरायची ती बेरिल. आमची ही.

ही खुर्ची तिची. दुपारची जेवणं झाली, भांडी विसळून झाली, की दोन ते चार ती इथं संग्रह घेऊन बसायची. दुपारीच. दिवे लागल्यावर भुतांच्या पुस्तकाला हात लावायला ती काय वेडी होती? लख्ख उजेडात बसायची, मांडीवर लोकर आणि सुया, पुस्तक टेकवलेलं साखरेच्या बरणीला. आणि मी इथं समोर, वही घेऊन, तिच्याकडे बघत. माझं सगळं परीक्षण तिच्याकडे बघून व्हायचं. विणकाम चालू राहिलं, एक मेणबत्ती. सुया खाली ठेवल्या, दोन. पाय जमिनीवरून उचलून खुर्चीत घेतले, तीन. मी ढळढळीत समोर दिसत असताना 'डेनिस, तू आहेस ना?' असं विचारलं, चार. आणि पाच म्हणजे... ती उठायची, तो पत्र्याचा डबा आहे ना पावाचा, तो उघडायची, पाव काढून टेबलावर ठेवायची, पुस्तक आत टाकायची आणि झाकण असं दाबून लावायची. पाव सुकून खडखडीत झाला तरी बेहत्तर, पण ते पुस्तक घरात मोकळं फिरता कामा नये. एकोणतीस वर्षांत चारच पुस्तकं त्या डब्यात गेली. लेखक विचारायचे मला, "डेनिस, पाच मेणबत्त्या मिळवायला नेमकं काय लागतं हो?" काय सांगणार, पाव शिळा करावा लागतो म्हणून?

आणि मी लबाड, परीक्षणात लिहायचो, 'सातव्या कथेपाशी पाय आपोआप वर गेले.' कुणाचे पाय, ते लिहीत नव्हतो. लोकांना वाटायचं माझेच. आमचं भयकथावाल्यांचं संमेलन भरतं ना वर्षातून एकदा, समुद्रकाठच्या हॉटेलात, तिथं माणसं माझ्याशी हात मिळवायची आणि बघायची खाली, पायांकडे. आमचा संपादक, ट्रेव्हर स्कॅल्स, लीड्सला गॅरेजमध्ये बसून 'काजळी' काढतो, सोन्यासारखा माणूस, पण माइक हातात आला की त्याचा गळा दाटतोच. तो भाषणात म्हणाला, "मंडळी, 'काजळी' आज उभी आहे ती डेनिसच्या पायांवर." टाळ्या काय, शिट्ट्या काय. बेरिल माझ्या शेजारीच, नवे बूट चावतात म्हणून काढून बसलेली. तिनं टेबलाखालून माझ्या नडगीवर अशी लाथ घातली की डोळ्यांत पाणी. "कुणाचे पाय रे?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी सांगतो सगळ्यांना, देवाशप्पथ." पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करता करता राहिलंच ते.

पण भित्री होती म्हणून तिला गरीब गाय समजू नका. या मागच्या दारावरून तर आमचा चव्वेचाळीस वर्षांचा वाद. मला आपली सवय, आत आलो की दार तसंच उघडं टाकायचं. की आलीच आतून हाक. 'डेनिस, दार लाव, गार येतंय.' दूध आत घेतलं, 'डेनिस, दार लाव, गार येतंय.' अहो, जुलै महिना, ऊन पडलेलं, माणसं समुद्रावर उघडी बसलेली, तरीसुद्धा आपलं 'गार येतंय.' मी चिडून म्हणायचो, तुझ्या थडग्यावर हेच लिहून घेणार आहे मी. खरंच विचारलं होतं नंतर. पाद्री म्हणाले, बरं दिसत नाही ते.

गेली. फेब्रुवारीत दोन वर्षं झाली, वर एक महिना. मंगळवारी गेली आणि गुरुवारी पोस्टमन दारात, हातात पार्सल, एकोणीस कथांचा संग्रह. सही करून घेतलं मी, करतो काय? महिनाभर टेबलावर पडून होतं. मग ट्रेव्हरचा फोन, मग त्याचा दाटलेला गळा, म्हटलं वाचतो बाबा, रडू नकोस. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः घाबरायला बसलो. एकोणीस कथा वाचल्या, पाय जमिनीवर. म्हटलं तिच्यासारखं करून तरी बघू, पाय उचलून खुर्चीत घेतले, माझ्या खुर्चीत, तिच्या नाही, तर पिंढरीत असा गोळा आला की अर्धा तास तसाच अडकलो, समोर कासव मान वर करून बघतंय. शेवटी पानं मोजली आणि जेवढी लांब कथा तेवढ्या मेणबत्त्या देऊन टाकल्या.

पण त्यात ती पाचवी कथा होती. तुम्हाला सांगतो, तिनं माझं डोकंच फिरवलं. एक म्हातारा, माझ्याच वयाचा, बायकोला नुकतं पुरून आलेला. एकटाच बसलाय. आणि जिन्यावर पावलं वाजतात. ओळखीची. तिचीच. एकेक पायरी. आणि हा शहाणा काय करतो? कपाट ढकलतो दाराला! शिसवी कपाट, सहा पानं ढकलतोय, घाम काय, धाप काय. बाहेरून ती त्याला नावानं हाक मारतेय आणि हा आतून कडी घालतोय. लेखकाची अपेक्षा अशी की माझा थरकाप उडावा. आणि मी इथं टेबलावर मूठ आपटून ओरडतोय, अरे, दार उघड की बाबा. बायको आलीये तुझी. जिना चढून आलीये, गुडघे धरलेले असताना!

मग मला नादच लागला. वरच्या खोलीतली इतक्या वर्षांची खोकी काढली, आणि घरातलं गेलेलं माणूस परत येतं अशा सगळ्या कथा वेगळ्या केल्या. एकशे पाच निघाल्या. त्यांतले बहात्तर जण दार लावून घेतात. एकवीस खिडकीतून पळतात. अकरा जण पाद्र्याला बोलावतात. एकानं तर बंदूक झाडली. मेलेल्या माणसावर. त्याला काय वाटलं, अजून मरेल? आणि 'आलीस? ये, बस, चहा ठेवतो,' असं म्हणणारा? शोधून सापडला नाही. अहो, आपल्याकडे शेजारचं घर जळत असलं तरी माणूस आधी किटली चढवतो, मग अग्निशमनवाल्यांना फोन लावतो. मग भुतानंच काय घोडं मारलंय? दार उघड की बाबा, एवढंच तर म्हणणं आहे माझं.

तेच लिहिलं मी. 'भूत समंजस. नायक अत्यंत असभ्य. एक मेणबत्ती, तीही भुताला.' त्या लेखकाचं चार पानी पत्र आलं. तिशीतला पोरगा. 'माननीय ब्लेंकिन, माझी कथा मृत्यूच्या अनाकलनीय भयाविषयी आहे, तुम्ही ती स्वागताच्या रीतीविषयी समजलात.' मी एका ओळीचं उत्तर धाडलं, 'तुमचं लग्न झालंय का?' त्याचं उलट उत्तर आलं, 'येत्या मे महिन्यात आहे.' म्हटलं, बरं. चाळीस वर्षांनी बोलू.

आणि त्याच परीक्षणात मी आणखी एक उद्योग करून ठेवला. संग्रहाच्या शेवटी लेखकांचे परिचय असतात ना, बारीक टाइपात... 'हे पत्नी आणि दोन मांजरांसह श्रॉपशरमध्ये राहतात.' 'या पती, तीन मुलं आणि एका बोकडासह वेल्समध्ये राहतात.' तुमच्याही संग्रहात असतील, असतात, सगळ्यांत असतात. चाळत होतो सहज, आणि कसं कोण जाणे, एकोणीसच्या एकोणीस परिचय वाचून काढले. जो तो कुणाबरोबर तरी राहतोय. नरभक्षक पिशाच्चं लिहिणारा माणूस, पण पत्नी आणि दोन मांजरांसह. त्या पानांना पाच मेणबत्त्या देऊन टाकल्या मी. लिहिलं, 'सगळ्यांत अस्वस्थ करणारा मजकूर पान तीनशे अकरापासून पुढे.' लोकांना वाटलं, केवढा खोल विचार. वाचकांची पत्रं आली, 'ब्लेंकिन आता वेगळ्याच उंचीवर गेलेत.' उंचीवर कसला जातोय, या टेबलापासून हललो नव्हतो मी.

माझा स्वतःचाही परिचय छापतात बरं का, सदराच्या खाली. 'डेनिस ब्लेंकिन पत्नी बेरिल आणि एका कासवासह विदर्नसीत राहतात.' एकोणतीस वर्षं तीच ओळ. बेरिल गेल्यावर ट्रेव्हरचा फोन आला. "डेनिस, ती खालची ओळ... म्हणजे... अंक छपाईला चाललाय म्हणून." मी म्हटलं, "राहू दे." पुढच्या अंकाला परत फोन. "राहू दे म्हटलं ना." असे सात अंक काढले आम्ही. मग हार्टलपूलच्या एका वाचक बाईंचं पत्र आलं, बेरिलच्या नावानं. 'तुमचे यजमान एवढे घाबरतात, तर तुम्ही त्यांना धीर कसा देता?' ट्रेव्हर म्हणाला, "डेनिस, आता मात्र आपण लोकांशी खोटं बोलतोय." बरोबरच होतं त्याचं. मी म्हटलं, "उद्या देतो नवी ओळ."

दिवसभर बसलो होतो हो ती एक ओळ लिहायला. बावीस कथांना बावीस ओळी मी जेवता जेवता लिहितो, आणि ही एक होईना. 'एकटे राहतात' लिहिलं, खोडलं. कासव आहे की. 'विधुर' लिहिलं, तो शब्दच मला माझा वाटेना. आणि दार आपलं उघडं. तिच्यामागं मी ते लावतच नव्हतो. आता सांगायला कसली लाज... बहात्तर जणांनी लावून घेतलं होतं ना, म्हटलं एकानं तरी उघडं ठेवावं. आणि मनात असंही यायचं की ती दुसऱ्या कशाला येणार नाही, माझ्यासाठी तर मुळीच नाही, पण दार उघडं आहे हे तिला कळलं तर तिला तिथं राहवणार नाही, येईल आणि ओरडेल. एवढं एकदा ओरडली असती तरी पुरे होतं मला. तर शेवटी लिहिलं, 'डेनिस ब्लेंकिन एका कासवासह विदर्नसीत राहतात. मागचं दार उघडं असतं.'

ट्रेव्हरला फोनवर वाचून दाखवली. पुन्हा वाच म्हणाला, वाचली. मग म्हणतो, "डेनिस, अंगावर सर्रकन काटा आला बघ. काय भयानक ओळ आहे. ओळीला चौकट टाकू का?" म्हटलं, टाक.

आणि बेरिल आली? आधी आला समुद्रपक्षी, चांगला कोंबड्याएवढा, बशीतला मासा उचलून माझ्याकडे रागानं बघत गेला. मग शेजारच्या मिसेस क्लेग कुंपणावरून, "मिस्टर ब्लेंकिन, तुमचं दार उघडं राहिलंय." म्हटलं, "राहिलं नाहीये, ठेवलंय." त्यांनी त्यांचं लावून घेतलं. आणि मग सुरू झाले लेखक. अहो, परीक्षणाला पुस्तकं पाठवा म्हणून माझा पत्ता त्याच पानावर छापतात, आणि खाली ही ओळ. लोकांना वाटलं आमंत्रणच आहे. पहिल्या महिन्यात चार. ग्रिम्सबीचे एक गृहस्थ तर बुडालेल्या खलाशांच्या कथा घेऊन थेट इथं उभे, मी वरून खाली येतोय, स्वयंपाकघरात पावलं वाजली, बेरिल म्हणून धावत आलो शेवटच्या तीन पायऱ्या चुकवून... आणि बघतो तर दाढी. बुडालेले खलाशी, भाग दोन.

दोन वर्षांत भूत एक नाही, लेखक एकतीस. तुम्ही धरून चौतीस. आणि सगळे किती सभ्य! या दारातून हा असा वारा येतो सरळ समुद्रावरचा, नाकं निळी पडतात, दातावर दात वाजतात, कोट अंगावर तसेच, चहा मिनिटात थंड... पण कुणाची छाती नाही म्हणायची. समीक्षकाला कोण दुखवणार? उलट म्हणतात, "वा, छान मोकळी हवा आहे हो तुमच्याकडे." सगळे दारं लावून घेणारे लोक, कथेत. इथं आले की गारठून मरतील पण ब्र काढणार नाहीत. तुमच्याबद्दलही तक्रार नाही माझी, आलात, बरं वाटलं. द्या तो संग्रह इकडे. बावीस आहेत तर बावीस. वाचतो, पानं मोजतो, देतो काहीतरी. घ्या चहा, निवला असेल तर...

काय म्हणालात?

तुम्ही नाही हो. बाई, तुम्ही. स्टुलावरच्या. आत्ता काय म्हणालात?

'दार लावा हो, गार येतंय.'

हो...

नाही, नाही, माफी कसली मागता? रागावलो नाही. तुम्ही सावकाश बसा. दोन वर्षं एक महिना मी हे दार उघडं टाकून बसलोय एवढं ऐकायला, आणि शेवटी म्हणावं कुणी, तर हलच्या बाईंनी, बावीस कथा घेऊन आलेल्या. घ्या, असं आहे आमचं नशीब. हा हात बघा माझा. बघा, काटा. एकतीस वर्षांतला पहिला. आणि पाय... अरेच्चा. हे कधी वर घेतले मी?

तो पाव काढा डब्यातून. हां, ठेवा टेबलावर, सुकू दे. आणि तुमचा संग्रह टाका आत, झाकण दाबून लावा. वाचायचं काय त्यात? पाच मेणबत्त्या.

दार? लावतो की. हा काय, उठलोच. तुम्ही फक्त... अजून एकदा म्हणा.